सॉफ्टवेअरवाल्यांनी न सांगता वजनाचा हिशोब बदलला. करारात काय लिहून घ्यावं?

कॅनिंगवाली_पावस

नमस्कार मंडळी. पावसजवळ आमचं आंब्याच्या रसाचं छोटं युनिट आहे. मिस्टर बॉयलर आणि डबे भरण्याचं बघतात. काटा, पावत्या आणि हिशोब माझ्याकडे. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत कॅनिंगचा आंबा येतो, म्हणजे पेटीत न जाणारा डागी, लहान-मोठा हापूस. बागायतदार तो क्रेटमध्ये आणतात. क्रेट काट्यावर ठेवला की केबलीतून वजन कॉम्प्युटरवर येतं, पावतीवर क्रेटसकट वजनाची ओळ पडते आणि शेवटी एकूणातून रिकाम्या क्रेटांचं वजन वजा होऊन पावती छापून निघते. हे सॉफ्टवेअर आम्ही २०१९ पासून वापरतो. इंटरनेटवर चालतं, वर्षाची फी आगाऊ भरायची. कंपनीचं नाव इथे घेत नाही.

मे २०२५ मध्ये ऐन गर्दीत एके संध्याकाळी शेजारच्या गावचे एक काका पावती घेऊन परत आले. दुपारी त्यांनी ४८ क्रेट लावले होते. त्यांच्या खिशात कायम एक छोटी वही असते आणि काट्याच्या डिस्प्लेवरचा प्रत्येक आकडा ते त्यात पेन्सिलीने लिहितात. मला म्हणाले, "वहिनी, काटा तुमचा, पण आकडे मी माझ्या डोळ्यांनी बघून लिहिलेत. ह्यातले तेवीस किलो कुठे गेले ते दाखवा."

आम्ही दोघं ट्यूबलाइटखाली वही आणि पावती शेजारी ठेवून बसलो. वहीत २१.६४०, पावतीवर २१. वहीत १९.३८०, पावतीवर १९. पुढे वहीत २०.९२० आणि पावतीवर २०, तिथे मला घामच फुटला. ९२० ग्रॅम म्हणजे चार आंबे! प्रत्येक ओळीत पॉइंटच्या पुढचं सगळं कापलेलं. ४८ क्रेटमध्ये मिळून २३ किलो ४०० ग्रॅम. दर ३२ रुपये होता, म्हणजे ७४८ रुपये ८० पैसे. मी तिथल्या तिथे रोख दिले. पैसे घेताना काकांनी माझ्याकडे वर बघितलं नाही, ते मला अजून टोचतं. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून ते आमच्याकडे आंबा घालतात.

रात्रीच सपोर्टला फोन लावला. पहिल्या मुलाने सांगितलं, काटा तपासून घ्या. काट्याची तपासणी मार्चमध्येच झाली होती, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने सांगितलं, तुमच्यापैकी कुणीतरी सेटिंग बदललं असणार. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी नीट बघून सांगितलं की नव्या व्हर्जनमध्ये वजन पूर्ण किलोत धरण्याची सोय दिली आहे, दुसऱ्या एका ग्राहकाची तशी मागणी होती, आणि ती सगळ्यांकडे आपोआप चालू झाली. त्या अपडेटबरोबर आलेली सूचना मी शोधून काढली. एकच ओळ होती: "किरकोळ दोष दुरुस्त केले, वेग वाढवला."

अपडेट येऊन ११ दिवस झाले होते. मूळ वजनं त्यांच्या सर्व्हरवर शाबूत होती, पण ती एक्सेलमध्ये मिळवायला मला पाच दिवस फोन करावे लागले. ६,२१४ क्रेटमध्ये मिळून कापलेले ३,०६८ किलो, म्हणजे ९८,१७६ रुपये. हे पैसे कंपनीने भरावेत असं मी म्हणत नाही, आंबा आमच्याच डब्यांत गेला होता आणि तो पैसा बागायतदारांचाच होता. आम्ही प्रत्येकाला फोन करून फरक दिला. पण फोनवर "आमच्याकडून वजन कमी लागलं होतं" हे वाक्य मला १३७ वेळा म्हणावं लागलं. पुढच्या आठवड्यात दोघांनी आंबा दुसरीकडे नेला. त्यांना मी दोष देत नाही.

मला सगळ्यात जास्त जाचतं ते हे. आमच्या काट्याला वैधमापन खात्याचं सील आहे. दर वर्षी प्रमाणित वजनं ठेवून तो तपासून घ्यायचा, शिक्का मारून घ्यायचा. सीलला कुणी हात लावला तर मी जबाबदार. आणि त्याच काट्यातून निघालेला आकडा केबलीतून दोन हात पुढे गेला की त्याचं काय करायचं, ते लांब शहरात बसलेलं कुणीतरी एका रात्रीत ठरवतं आणि मला कळवतसुद्धा नाही.

आता वर्षाचा करार नव्याने करायचा आहे. बदल करण्याआधी त्यांनी सांगावं यासाठी करारात काय लिहून घेता येतं? कुणाला असं लिहून मिळालंय का? सॉफ्टवेअरच बदला असं कृपया सांगू नका. सहा वर्षांचे खाते-उतारे त्यात आहेत आणि हंगाम तोंडावर आलाय.

---

मिरजोळे_आयटी

ताई, वाचून वाईट वाटलं. एमआयडीसीतल्या चार कारखान्यांचं आणि शहरातल्या दोन दवाखान्यांचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. अपडेटखालची ती एक ओळ मी इतक्यांदा वाचली आहे की आता ती दिसली की मी काम थांबवून आधी बॅकअप घेतो.

ही सवय मोठ्या कंपन्यांकडून खाली आली आहे. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं. त्याआधी प्रत्येक दुरुस्ती वेगळी यायची, तिला क्रमांक असायचा, खुलासा असायचा, नको ती वगळता यायची. विंडोज १० पासून सगळ्याचा एकच गठ्ठा यायला लागला आणि खाली 'कार्यक्षमता वाढवणाऱ्या सुधारणा' अशा अर्थाचं एक वाक्य. त्याच वर्षी जानेवारीत मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या सुरक्षा अपडेटची आगाऊ सूचना सर्वांना देणं बंद केलं होतं. ज्यांच्या हाताखाली शेकडो मशीन होती ते लोक चिडले. आत काय आहे ते कळल्याशिवाय पाचशे कॉम्प्युटरवर ते टाकायचं कसं? त्यांनी लेख लिहिले, ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. शेवटी फेब्रुवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेटचा इतिहास देणारं पान सुरू केलं. ते अजून चालू आहे. महिन्याचा दुसरा मंगळवार, म्हणजे त्यांच्या अपडेटचा दिवस, उलटला की बुधवारी सकाळी मी ते चहाबरोबर वाचतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण ग्राहकांनी मागितलं तेव्हाच ते मिळालं.

दुसरी गोष्ट १९ जुलै २०२४ ची, क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर-सुरक्षेच्या कंपनीच्या सदोष अपडेटची. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यातली खरी बोच फार कमी लोकांच्या लक्षात आली. अनेक ग्राहकांनी सावधगिरी म्हणून मूळ सॉफ्टवेअर मुद्दाम एक व्हर्जन मागे ठेवलं होतं, तरी त्यांचीही मशीन पडली. कारण जी फाइल आली ती सॉफ्टवेअर म्हणून धरलीच जात नव्हती, ती 'माहितीची' फाइल होती आणि ती सगळ्यांना एकदमच जायची. आपण दार लावून बसलो होतो आणि खिडकी आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. नंतर कंपनीने जाहीर केलं की अशा फायली टप्प्याटप्प्याने सोडू, त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवू देऊ आणि त्यात काय बदललं याच्या नोंदी देऊ.

तुमच्या करारात मी हे लिहून घेईन. वजन, दर, कर आणि पावतीचा नमुना यांना हात लावणारा कोणताही बदल किमान सात दिवस आधी ईमेलने कळवायचा, आणि त्यात आधी काय होतं, आता काय होईल हे उदाहरणासकट लिहायचं. नवी सोय आमच्याकडे बंद स्थितीत यावी, आम्ही म्हटल्यावरच चालू व्हावी. मूळ वजनांची फाइल आम्हाला हवी तेव्हा, फोन न करता, स्वतःला उतरवून घेता यावी. ही तिसरी अट सोडू नका. ती पाच दिवसांची वाट मला सर्वात धोक्याची वाटते.

---

चिपळूण_हिशोब

मी अकाउंट्स बघतो, म्हणून माझ्या बाजूने एक मुद्दा.

तुमचं युनिट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून नियम असा आहे की हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहारात झालेल्या फेरफाराची तारखेसकट नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. भागीदारी किंवा मालकी असेल तर हा नियम तुम्हाला लागू नाही, पण करार करताना त्याचा आधार घ्या. सरळ विचारा: मी एका पावतीतला एक आकडा बदलला तरी कुणी, कधी, काय बदललं हे तुमचं सॉफ्टवेअर लिहून ठेवतं. मग तुम्ही माझ्या सहा हजार पावत्यांचं गणित बदलता, त्याची नोंद मला कुठे बघायला मिळेल?

आणि कळवणं अवघड असतं असं कुणी सांगितलं तर त्यांना जीएसटीच्या ई-वे बिलाचं, म्हणजे माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचं, उदाहरण द्या. लॉगिनला मोबाइलवरचा दुसरा कोड सक्तीचा करायचा होता, तेव्हा आधी सूचना निघाली आणि टप्पे पाडून तारखा दिल्या. २० कोटींवरच्या उलाढालीला १ जानेवारी २०२५, ५ कोटींवर १ फेब्रुवारी, बाकी सगळ्यांना १ एप्रिल. जीएसटी पोर्टलवर आम्ही लोक रोज वैतागतो, पण ह्या बाबतीत त्यांनी सगळ्या देशाला तारीखवार सांगितलं. शे-दोनशे ग्राहक असलेल्या कंपनीला एक ईमेल टाकता येत नाही, हे मला पटत नाही.

---

कुडाळचा_पुण्यात

मी मूळचा कुडाळचा. पुण्यात अशाच एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीत नऊ वर्षं प्रोग्रामर आहे. तुमची कंपनी ती ही नव्हे, पण तुमच्या बाबतीत काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतंय.

बहुतेक वेळा मुद्दाम लपवलेलं नसतं. पण त्यामुळे चूक लहान होत नाही. कुठल्या तरी मोठ्या ग्राहकाने, समजा सिमेंट किंवा सळ्या विकणाऱ्याने, पूर्ण किलो मागितले. प्रोग्रामरने दोन तासांत ते केलं. त्याच्या डोक्यात क्रेटने आंबा घेणारं कुणी आहे हेच नव्हतं. त्याने तांत्रिक नोंदीत ते लिहिलंही असेल. मग ग्राहकांना जाणारी सूचना दुसराच विभाग लिहितो आणि त्यांना बजावलेलं असतं की मजकूर छोटा ठेवा, ग्राहक घाबरेल असं लिहू नका. एखादा दोष स्पष्ट लिहिला तर नुकसानभरपाई मागतील, प्रतिस्पर्धी त्याचा स्क्रीनशॉट फिरवतील, ही भीती असते. हे वाक्य मी मीटिंगमध्ये माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या चाळणीतून शेवटी उरतं ते "किरकोळ दोष दुरुस्त केले".

सपोर्टच्या पहिल्या दोन मुलांवर रागावू नका. आजकाल नवा बदल आधीच सगळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये झाकून ठेवलेला असतो आणि कुणासाठी तो उघडायचा हे कंपनीतून एका बटणाने ठरतं. एकाच दिवशी दोन ग्राहकांकडे एकच व्हर्जन असतं आणि वागणूक वेगळी असते. फोन उचलणाऱ्या मुलाच्या स्क्रीनवर ते दिसतच नाही, म्हणून तो काट्याकडे बोट दाखवतो. त्यामुळे करारात नुसतं 'नवीन व्हर्जनची माहिती द्यावी' लिहू नका. व्हर्जन न बदलताही वागणूक बदलते. 'आमच्या खात्यासाठी कोणतीही सोय चालू किंवा बंद केल्यास' हे शब्द घाला.

आणखी एक, गणिताचं. त्यांनी निदान जवळच्या किलोला धरलं असतं तर काही क्रेट वर गेले असते, काही खाली, आणि ४८ क्रेटमध्ये एकूण फरक बहुधा दोन-तीन किलोंत राहिला असता. त्यांनी पॉइंटच्या पुढचं सरळ कापलं. त्यात प्रत्येक वेळी आंबा देणाऱ्याचंच जातं, घेणाऱ्याचं कधीच नाही. हे त्यांना लेखी सांगा. माझ्या टीममध्ये कुणी असा कोड आणला असता तर मी परत पाठवला असता.

---

कॅनिंगवाली_पावस

सगळ्यांचे मनापासून आभार. कुडाळचे भाऊ, ते शेवटचं वाचून मी मिस्टरांना वाचून दाखवलं. कापण्यात नेहमी बागायतदाराचंच जातं, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला ती सरळ सरळ काटामारी दिसणार. काकांनी तेव्हा तो शब्द वापरला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

एक विचारायचं होतं. सूचना मिळालीच नाही तरी त्याच दिवशी आपल्याला कळावं यासाठी काही करता येईल का? ११ दिवस फार झाले.

---

काजू_वेंगुर्ले

ताई, येईल. आम्ही गावागावांतून काजू बी घेतो, सगळं वजनावरच. आमच्याकडे एकदा अपडेटनंतर रिकाम्या गोणीचं वजन दोनदा वजा व्हायला लागलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी पहिली पावती आमच्याच नावाने फाडतो. शिक्क्याची वजनं काट्यावर ठेवायची, पावती छापायची आणि वहीत चिकटवायची. दोन मिनिटांचं काम. आकडा कालच्याशी जुळला नाही तर काटा उघडायचाच नाही.

---

कुडाळचा_पुण्यात

उत्तम पद्धत आहे, पण २० किलोचं एकच गोल वजन ठेवू नका. पॉइंटच्या पुढचं कापलं तरी २० चे २० च येतील आणि तुम्हाला सगळं ठीक वाटेल. ५ किलो, ५०० ग्रॅम, २०० ग्रॅम आणि ५० ग्रॅम अशी एकत्र ठेवा, ५.७५० यायला हवं. एक पावती रिकाम्या क्रेटसकटही काढा, म्हणजे वजावटही तपासली जाईल. दर पण मुद्दाम पैशांतला धरा, ३२ ऐवजी ३१.३५ असा. पैसे कापणं किंवा पूर्ण रुपयात धरणं कुठे बदललं तर तेही दिसेल.

---

काजू_वेंगुर्ले

हे आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही दहा किलोचं एकच वजन ठेवत होतो. उद्यापासून बदलते.

---

कॅनिंगवाली_पावस

तीन आठवड्यांनी लिहितेय. करार झाला.

मी तुम्हा सगळ्यांचे मुद्दे एका पत्रात मराठीतच लिहिले. सोबत काकांच्या वहीच्या पानाचा आणि आमच्या पावतीचा फोटो जोडला. विक्रीच्या माणसाने आधी नेहमीचं सांगितलं, करार सगळ्यांना सारखा असतो, त्यात बदल होत नाही. मी म्हटलं, मग हे पत्र तुमच्या वरच्या माणसाला दाखवा, मी थांबते. चार दिवसांनी त्यांच्या तांत्रिक प्रमुखांचा स्वतः फोन आला. त्यांनी फोटो बघितला होता. २०.९२० चे २० झालेली ओळ त्यांनीच मला वाचून दाखवली आणि माफी मागितली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्या कंपनीतलं कुणीतरी ही आमची चूक असं म्हणालं.

वजन, दर आणि पावतीतल्या बदलाची सात दिवस आधी ईमेलने सूचना, उदाहरणासकट, हे लेखी मिळालं. नवी सोय आमच्याकडे बंद स्थितीत येणार, हेही. कुडाळच्या भाऊंचे 'चालू किंवा बंद केल्यास' हे शब्द त्यांनी जसेच्या तसे घेतले. मूळ वजनांची फाइल आता माझ्या लॉगिनमधून रोज उतरवता येते, मी दोनदा करून बघितली. मार्च ते जून काहीच बदलू नका ही माझी मागणी मात्र त्यांनी नाकारली. सगळे ग्राहक एकाच सर्व्हरवर आहेत, आमच्यापुरतं थांबवता येत नाही, असं म्हणाले. मला ते आवडलं नाही, पण त्यांनी निदान कारण सांगितलं. सकाळची ५.७५० ची पावती म्हणूनच चालू करणार आहे. काट्यावरच्या मुलाला शिकवून झालंय.

पावतीवर आता काट्यावरचं वजन आणि हिशोबात धरलेलं वजन असे दोन वेगळे रकाने येतात. पहिला नमुना छापला तो घेऊन मी काकांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावला, पावती उजेडात धरली, दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवत खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "अक्षर जरा मोठं करा." ते प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आपल्याच हातात आहे. घरी येऊन करून टाकलं.